स्कॉटिश मंडळातले मिस्टर के

कुवेतमध्ये अब्बासियातल्या आमच्या घरात जेवणाचं टेबल एकच होतं, आणि डिसेंबर लागला की त्यावर एक दुधी भोपळा येऊन बसायचा. तो भाजीचा नसे, बाबांच्या तालमीचा असे. शिफ्टवरून आले, कंपनीचा निळा डगला उतरवला, चहा झाला, की बाबा स्वयंपाकघरातली मोठी सुरी घेऊन त्या भोपळ्यासमोर उभे राहत आणि त्याला उद्देशून स्कॉटिश कविता म्हणत. मोठ्यानं, हातवारे करून, मध्येच आवाज खाली आणून, भोपळ्याला काही गुपित सांगावं तसे वाकून. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोकणातले सहा वेल्डर-फिटर बायकापोरं गावाला ठेवून राहत. त्यांतले सावंतकाका पहिल्या वर्षी धावत आले होते, भांडण चाललंय असं वाटून. आईनं दार पूर्ण उघडून त्यांना सुरी, भोपळा आणि नवरा असे तिन्ही दाखवले आणि म्हणाली, "भांडण नाही हो भाऊ, कविता चाललीय." सावंतकाका बराच वेळ दारात उभे राहिले, मग "चालू द्या, चालू द्या" म्हणत परत गेले.

बाबा मीना अब्दुल्ला गावातल्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होते. इंजिनियर नव्हते, हे आधीच सांगते, कारण आमच्या लोकांत हा फरक फार बघितला जायचा. पुण्या-मुंबईचे इंजिनियर फहाहीलकडे समुद्राच्या बाजूला राहत आणि गणपतीला आम्हाला बोलावत. आम्ही अब्बासियात राहत होतो आणि गणपतीला त्यांच्याकडे जात होतो. कुवेतला येण्याआधी बाबा नाशिकला एका कारखान्यात होते आणि तिथल्या कामगारांच्या नाट्यस्पर्धेत दरवर्षी काम करत. नाटक बसवायला नाईकमास्तर नावाचे एक करडे गृहस्थ येत. बाबांनी आयुष्यात देवाखालोखाल कोणाचं ऐकलं असेल तर त्या मास्तरांचं. स्टेज म्हणजे देव्हारा, चपला बाहेर काढायच्या, पहिल्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि मगच वर जायचं, ही त्यांची शिकवण. बाबा कुवेतमध्ये गणपतीच्या कार्यक्रमात पेटी आणून ठेवायला स्टेजवर चढले तरी बूट काढत.

बाबांचे साहेब स्कॉटलंडचे. इनिससाहेब त्यांचं नाव. उंच, लाल कानांचे, बोलायला तुटक, पण कंट्रोल रूममध्ये काम निवांत असलं की त्यांच्या गावाकडच्या कविता आणि गाणी म्हणत बसायचे. त्यांचा एक जुना शेतकरी कवी आहे. त्याचं नाव मी इथे घालत नाही, आमच्या घरातही कोणी घेत नसे. बाबा त्याला "आपला कवी" म्हणत. तर या कवीच्या कविता बाबांनी इनिससाहेबांच्या तोंडून ऐकून ऐकून शंभर पानी वहीत देवनागरीत उतरवून घेतल्या होत्या. अर्थ समासात मराठीत. आमच्या सातवी-आठवीच्या पाठ्यपुस्तकातली एकही कविता मला आज आठवत नाही, पण त्या वहीतल्या ओळी झोपेतही म्हणू शकेन.

कुवेतमधले स्कॉटिश लोक दर जानेवारीत त्या कवीच्या नावानं एकत्र जमायचे. बाबा या जमण्याला "मंडळ" म्हणत, आणि तो शब्द घरात असा रुळला की मला लहानपणी वाटे, त्यांचीही वर्गणीची पावती फाडत असतील. मंडळाचा क्रम ठरलेला. मेंढीच्या पोटाच्या पिशवीत काळीज, कलेजी, जवासारखं धान्य आणि मसाला भरून शिजवलेला एक गोळा मोठ्या ताटात घालून वाजतगाजत आणायचा. एकानं त्या गोळ्यापुढे उभं राहून त्याच्या स्तुतीची कविता म्हणायची आणि ठरलेल्या ओळीला सुरी खुपसून तो फाडायचा. मग जेवण, मग गाणी. मग एक पुरुष उठून बायकांची टिंगल करतो आणि एक बाई उठून त्याला उत्तर म्हणून पुरुषांची. आणि शेवटी त्या कवीच्या आयुष्यावर एक गंभीर भाषण, ते झालं की सगळ्यांनी उभं राहून प्याला उंचावायचा. तिकडे हे भाषण आधी असतं म्हणे. आमच्या मंडळात ते शेवटी ठेवत, म्हणजे लांबलं तरी जेवण थंड होत नसे. कुवेतमध्ये दारू नाही, म्हणून प्याल्यांत सफरचंदाचा रस. कुणाच्या प्याल्यातला रस किती आंबलेला होता याची चौकशी मी केली नाही.

एका वर्षी ती कविता म्हणणारा माणूस ऐन वेळी आजारी पडला आणि इनिससाहेबांनी बाबांना पुढे ढकललं. बाबांनी बूट काढले, पायरीला हात लावून नमस्कार केला, मोज्यांतल्या पायांनी स्टेजवर गेले आणि कविता अशी म्हटली की अर्धी कीर्तनाची आणि अर्धी ऐतिहासिक नाटकाची. हॉल उभा राहिला. लोकांनी टेबलं बडवली, पुन्हा म्हणायला लावली. बाबा घरी आले ते हवेत. "नाशिकला सात वर्षं काम केलं, एकदा वन्स मोअर मिळाला नाही," ते आईला म्हणाले, "तो बघ कोणी दिला." पुढच्या वर्षीपासून ती कविता बाबांचीच झाली. खैरनार हे आडनाव कोणाला उच्चारता येईना, म्हणून मंडळात ते "मिस्टर के" झाले. मंडळाच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत तेवढंच असायचं. त्या पत्रिका बाबांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पासपोर्टांच्या शेजारी ठेवल्या होत्या.

कविता आली तसा तो गोळाही आमच्या घरात आला. बाहेरून मागवलेला एकदा वेळेवर पोचला नाही, तेव्हा बाबा फुशारकीनं बोलून गेले की माझी बायको वजडी साफ करण्यात पटाईत आहे. झालं. दर जानेवारीत बाबा मटणवाल्याकडून मेंढीचं पोट आणत आणि आई न्हाणीघरात पाटावर बसून चुना, हळद आणि गरम पाणी घेऊन ते खरवडत बसे. वास जिन्यापर्यंत जायचा. तेव्हा तिथली सुटी गुरुवार-शुक्रवार असे आणि शिफ्टवाल्यांना जमावं म्हणून मंडळ गुरुवारी दुपारी भरे. गुरुवार आमच्याकडे दत्ताचा. घरात मांस शिजत नाही. म्हणून आई बुधवारी संध्याकाळीच सगळं करून गोळा शिजवून ठेवायची आणि गुरुवारी सकाळी घरभर गोमूत्राऐवजी डेटॉल शिंपडायची. "तुमच्या कवीनं जन्माला यायला दुसरा महिना शोधायचा होता," ती म्हणायची. "थंडीत हात फुटतात माझे." आणि बाबा, ज्यांनी त्या गोळ्याची पंधरा मिनिटं स्तुती करून त्याला फाडलेला असे, ते जेवताना त्याला शिवत नसत. उपास. ताटात दोन केळी आणि खजूर घेऊन बसलेले मिस्टर के हाही मंडळाच्या करमणुकीचाच एक भाग होता, हे मला पुढे कळलं.

मी दहा वर्षांची झाल्यावर बाबा मलाही नेऊ लागले. मंडळाच्या सेक्रेटरी फ्रेझरबाई. त्यांनी मला पियानोशेजारी उभं करून गाणी शिकवली. मला शब्दांचा अर्थ फार लागत नव्हता, पण चाली कळत होत्या. नदी ओलांडून गेलेल्या माणसाची, लढाईहून न परतलेल्याची, बोटीची वाट बघणाऱ्या बाईची गाणी. घरी मी ती बाल्कनीत कपडे वाळत घालताना म्हणायचे, आणि शेजारच्या बाल्कनीतून सावंतकाका म्हणायचे, "पोरी, तां बोटीचा म्हण गो." त्यांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. मी म्हणायचे, ते बनियनवर उभे राहून ऐकायचे, आणि मग आत जायचे. आज इतक्या वर्षांनी मला वाटतं, माझं गाणं खऱ्या अर्थानं ऐकलं ते त्या एका माणसानं. हॉलमध्ये टाळ्या होत्या, पण त्या गोड दिसणाऱ्या, केसांत गजरा घातलेल्या हिंदी मुलीला होत्या.

पंधराव्या वर्षी मी मंडळाच्या हॉलमागच्या पॅन्ट्रीत पाणी प्यायला गेले होते. दाराआड दोन बायका बशा पुसत बोलत होत्या. एक म्हणाली, मी इथे येते ती फक्त मिस्टर केसाठी, वर्षभरात असं हसायला कुठे मिळतं. दुसरी म्हणाली, ते बूट काढतात ना, तिथेच मला आवरत नाही, आणि गंमत म्हणजे बिचाऱ्याला वाटतं आम्ही वाहवा करतोय. दोघी हसल्या. वाईटपणानं नाही, हेच वाईट होतं. लाडक्या कुत्र्याच्या खोडीला हसावं तसं हसल्या. मी पाण्याचा ग्लास तसाच ठेवला. हॉलमध्ये आले तर बाबा केळं सोलत होते आणि समोरच्या माणसाला दत्तगुरूंबद्दल सांगत होते.

घरी येऊन मी आईला सांगितलं. आई पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं नाही. म्हणाली, "हसतील त्यांचे दात दिसतील." मला तो सुविचार नको होता. मला कोणीतरी बाबांना थांबवायला हवं होतं. आधी मला त्या बायकांचा राग आला, मग हळूहळू तो राग सरकत सरकत बाबांवर आला. माणसाला कळू नये? इतकी वर्षं? वर्गात मैत्रिणी विचारत, तुझे डॅडी काय करतात, आणि मी इंजिनियर म्हणून सांगत असे. आता त्यात ही भर. बाबा मराठीत बोलले की मी इंग्रजीत उत्तर द्यायला लागले ती तेव्हापासून. आणि भोपळा टेबलावर आला की मी पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जाऊ लागले.

पुढच्या वर्षी इनिससाहेब निवृत्त होऊन कायमचे परत जाणार होते. जाण्याआधी त्यांनी मंडळात सांगितलं, यंदा कवितेबरोबर शेवटचं भाषणही के करेल. हे भाषण आजवर कोणा हिंदी माणसानं केलेलं नव्हतं. इंग्रज माणसालाही त्यांनी एकदाच दिलं होतं, आणि तेही त्याची आजी स्कॉटिश होती म्हणून, असं बाबा सांगत. बाबांनी ऑक्टोबरपासून लिहायला घेतलं. सात पानं झाली. रोज संध्याकाळी एक वाक्य खोडायचं आणि दोन घालायची. "नंदू, एवढं इंग्रजी बघ गं," म्हणून पहिली चार पानं त्यांनी माझ्याकडे दिली. मी पेननं भराभर दुरुस्त करून टेबलावर टाकली. त्यात त्या कवीचे कष्ट होते, न पिकणारी जमीन होती, आणि आपल्याकडचे संत आणि तो यांच्यात काय सारखं आहे ते होतं. भाषण चांगलं होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. पुढची तीन पानं मागितली तर म्हणाले, "ती तिथेच ऐक." बाबांना ते भाषण किती हवं होतं हे घरातल्या भिंतींनाही माहीत होतं. त्यांनी नवा कोट शिवून घेतला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आईसाठीही आमंत्रण मागून आणलं.

त्याच सुमाराला फ्रेझरबाईंचा फोन आला. यंदा पुरुषांची टिंगल करणारं उत्तर मी द्यावं, असं त्यांचं म्हणणं. सोळा वर्षांची मुलगी, गंमत येईल. मी विचारलं, काय बोलू? त्या म्हणाल्या, अगं, तुझ्या डॅडना घे, सगळ्यांना ते इतके आवडतात, जरा चहाटळ हो. मी फोन ठेवला तेव्हा माझ्या डोक्यात सगळं तयार होतं. मला कोणी फसवलं नाही, भरीस घातलं नाही, हे मला स्पष्ट लिहायचं आहे. हसणाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभं राहिलं की आपण त्यांच्यातले होतो, हे मला पॅन्ट्रीतच कळलं होतं. आता संधी आली होती. मी तालीमसुद्धा केली, न्हाणीघराच्या आरशासमोर, दार लावून. आई बाहेरून ओरडत होती की वजडी धुवायची आहे, लवकर आटप.

त्या गुरुवारी हवा स्वच्छ होती, बोचरी थंडी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळवंटात लोकांनी सुटीचे तंबू ठोकले होते. आई मागच्या सीटवर मोरपंखी साडी नेसून, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं धरून बसली होती. तिच्या हातांना अजून चुन्याची भेग होती, तिच्यावर तिनं व्हॅसलिन लावलं होतं. बाबा गाडी चालवताना ओठातल्या ओठात भाषण म्हणत होते. हॉलमध्ये शंभरेक माणसं. पुरुष त्यांच्या चौकटीच्या घागऱ्यांत. आईला पहिल्या ओळीत इनिससाहेबांच्या शेजारी बसवलं आणि ती पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन ताठ बसून राहिली.

बाबांनी बूट काढले, पायरीला नमस्कार केला, कविता म्हटली, गोळा फाडला. नेहमीपेक्षा जोरात टेबलं वाजली. जेवणं झाली. मी दोन गाणी म्हटली. मग एका तरुण माणसानं बायकांची टिंगल केली आणि माझं नाव पुकारलं.

मी स्टेजच्या पायरीपाशी गेले आणि थांबले. सावकाश वाकून दोन्ही सँडल काढल्या. नीट जोडून ठेवल्या. पायरीला हात लावला, तो कपाळाला लावला, डोळे मिटले, आणि मिटूनच राहिले. हसू मागच्या टेबलांवरून सुरू झालं आणि पुढे पुढे येत गेलं. मग मी वर जाऊन म्हटलं की आमच्या घरचे पुरुष कसे असतात ते सांगते. दिवसभर रिफायनरी सांभाळतात आणि संध्याकाळी एका भोपळ्याच्या प्रेमात पडतात. टेबलावरची फुलदाणी उचलून मी तिलाच बाबांच्या आवाजात कविता म्हणायला लागले. ते वाकणं, तो थरथरणारा हात, तो मध्येच घेतलेला श्वास. मग एक काल्पनिक सुरी खुपसली आणि बाबांच्या ताटातून आणलेलं केळं अगदी भक्तिभावानं सोलून खाल्लं. लोक खुर्च्यांवर मागे रेलून हसत होते. फ्रेझरबाईंनी रुमाल तोंडात धरला होता. मला इतका मोठा हशा त्याआधी मिळाला नव्हता, आणि नंतरही नाही. अंगावर काटा आला. सुखाचा काटा होता तो. खोटं कशाला बोलू. मी बाबांकडे पाहिलं. ते हसत होते आणि डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवत होते. आई माझ्याकडे बघत होती. ती हसत नव्हती. इनिससाहेबही नव्हते.

मग बाबांचं भाषण. खिशातून पानं काढत ते पायरीपाशी आले. हॉल अजून शांत झालेला नव्हता. कोणीतरी मागून म्हणालं, "शूज, मिस्टर के." दुसऱ्यानं म्हटलं. मग टेबलं वाजायला लागली, एका तालात, शूज, शूज. बाबा एक क्षण उभे राहिले. खाली वाकलेच नाहीत. बूट घालूनच ते तीन पायऱ्या चढले. मी त्यांना बुटांनिशी स्टेजवर पहिल्यांदा पाहिलं. "ओऽह" असा एक निराशेचा सूर हॉलमधून निघाला आणि त्यावरही लोक हसले.

बाबा वाचू लागले. पहिल्या वाक्याला हसू आलं. त्यात विनोद नव्हता. दुसऱ्या वाक्यानंतर त्यांनी श्वास घेतला तर पुन्हा हसू, कारण तो श्वास आता माझा झाला होता, लोकांनी तो पाच मिनिटांपूर्वी माझ्यात पाहिला होता. न पिकणाऱ्या जमिनीला हसू. संतांना हसू. बाबांनी चष्मा सारखा केला, हसू. चौथं पान त्यांनी न वाचताच मागे टाकलं आणि पाचवं घेतलं. त्यावरचं पहिलं वाक्य होतं, मघाशी म्हटली ती कविता मी पहिल्यांदा ऐकली तो दिवस माझा मुलगा गेला तो दिवस होता.

मला एक भाऊ होता. माझ्याआधीचा, नाशिकला दीड वर्षाचा होऊन तापानं गेलेला. बाबा तेव्हा कुवेतला नवे होते, आई माहेरी होती. एवढंच मला माहीत होतं; घरात त्यापुढे कोणी बोलत नसे. बाबांनी ते वाक्य वाचलं आणि थांबले, त्यांना थांबावंच लागलं. आणि त्या थांबण्याला मागच्या टेबलावरून दोघं-तिघं हसले. त्यांनी वाक्य ऐकलंच नसावं. कान हसायला लागले की ऐकत नाहीत. कोणीतरी "श्श" केलं, त्यावर आणखी कोणी हसलं. बाबांनी पानं जुळवली, घडी केली, खिशात ठेवली. प्याला उचलून ठरलेलं शेवटचं वाक्य म्हणाले. सगळे उभे राहिले, प्याले वर गेले, रस प्यायला गेला. इनिससाहेब उभे होते, लाल झाले होते. त्यांना तो दिवस ठाऊक होता, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण ते काही बोलले नाहीत, हॉलला गप्प केलं नाही. बाबा खाली आले तेव्हा त्यांनी नुसता खांद्यावर हात ठेवला. त्यांना मी माफ केलेलं नाही. माझ्या नावावरचा दोष काही कमी होत नाही त्यानं, तरीही केलेलं नाही.

शेवटी सगळे हात धरून निरोपाचं गाणं म्हणतात. माझ्या एका हातात बाबांचा हात होता. त्यांनी तो नेहमीसारखाच धरला आणि गाण्याच्या तालावर हलवला.

परतताना आई पुढे बसली. रिकामं पातेलं मागे माझ्या शेजारी. मीना अब्दुल्लाच्या धुराड्यांवरच्या ज्वाळा मागे पडल्या, तंबूही संपले. अब्बासियाच्या वळणावर, बाबा बकालातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, दूध आणायला उतरले तेव्हा, आई मागे न वळता म्हणाली, "मला इंग्रजी येत नाही म्हणून मी आजवर देवाला बोल लावला. पण हात कळतात नंदे. तुझ्या बापाचे हात मला कळतात." मी म्हणाले, "इट वॉज जस्ट अ जोक, आई." ती म्हणाली, "मराठीत सांग." मी पातेल्यावरच्या टॉवेलाची घडी करत राहिले.

बाबा मला एका शब्दानं बोलले नाहीत. ते दुसऱ्या दिवशी शिफ्टला गेले, शनिवारी माझ्या फिजिक्सच्या ट्यूशनची फी भरून आले, रविवारी गाडीचं ऑइल बदललं. इनिससाहेब गेले. तीन महिन्यांनी मी एकदा बाबांना त्या भाषणाबद्दल विचारायला गेले आणि शाळेच्या सहलीचं विचारून परत आले. पुढच्या डिसेंबरमध्ये टेबलावर भोपळा आला नाही. आईनं एकदा आणला होता, तो चण्याची डाळ घालून शिजवला आणि आम्ही तिघांनी खाल्ला.

जानेवारीत फ्रेझरबाईंचा फोन आला. मी उचलला. बाबा सोफ्यावर बसून पेपर वाचत होते. बाई म्हणाल्या, तुझ्या डॅडनी यंदा नाही म्हणून कळवलंय, फारच गंभीर झालेत हल्ली; मग तूच ये ना, तूच मिस्टर के कर, कवितेसकट, तू तर त्यांच्याहून छान करतेस. मी म्हणाले, माझी बारावीची परीक्षा आहे. फोन ठेवला. बाबांनी पेपर खाली केला.

"काय म्हणतात?"

मी सांगितलं. तुमच्या जागी मला बोलावतात म्हणून सांगितलं. आणि मग एका वर्षाचं साचलेलं भलतीकडूनच बाहेर आलं. मी म्हणाले, "बाबा, ते हसतात तुमच्यावर. मी हसवलं म्हणून नाही. पहिल्यापासून हसतात. तुम्हाला कळत कसं नाही?"

त्या दिवशी मी मराठीत बोलले होते. बाबांनी पेपराची घडी केली.

"पहिल्याच वर्षी कळलं," ते म्हणाले. "स्टेजवर उभ्या असलेल्याला हशा कळत नाही होय? वाहवा कुठली आणि टिंगल कुठली, आंधळ्यालासुद्धा कळतं."

"मग का जात होतात?"

ते रागावले नव्हते, मला समजेल असं कसं सांगावं एवढाच विचार करत होते.

"तुझा भाऊ गेला तेव्हा मी इथे ड्यूटीवर होतो. सुटी मिळायला नऊ दिवस लागले. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. त्या दिवशी मी काम सोडून कोपऱ्यात बसलो होतो, तर इनिससाहेबांनी शेजारी बसून ती कविता म्हटली. दुसरं काय बोलावं, ते त्यांना सुचलं नाही. मला त्या वेळी एक अक्षर कळलं नव्हतं." त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "मला तेवढंच एकदा उभं राहून सांगायचं होतं, की माझा मुलगा होता, आणि त्याचं नाव अमुक होतं. अकरा वर्षं हसवलं तेव्हा भाषण मिळालं. हसवल्याशिवाय मला तिथे कोण उभं करणार होतं?"

मी विचारलं, "नाव काय होतं त्याचं?"

मला माहीत नव्हतं. सतरा वर्षं त्या घरात राहून मी ते कधी विचारलं नव्हतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्यांना ते सांगायचं होतं, कारण त्यांचे ओठ हलले. पण ते उठले, पेपर रद्दीवर ठेवला आणि म्हणाले, "आईला विचार." मग ते चहा टाकायला आत गेले.